अकाउंट बंद करू नका: ऑनलाइन छळ सुरू झाला की काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

कमेंटमध्ये कुणीतरी घाण लिहून जातं, इनबॉक्समध्ये नको तो फोटो येऊन पडतो, आणि बाईला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: "कशाला टाकतेस फोटो? बंद करून टाक ना ते अकाउंट." सल्ला देणारी माणसं बहुतेकदा आपलीच असतात, काळजीपोटी बोलतात. तरी हिशेब मांडून बघा. आगळीक केली एकाने, जागा सोडली दुसरीने. तिचं काम, तिच्या ओळखी, वर्षानुवर्षं जमवलेले वाचक किंवा ग्राहक सगळे तिथेच राहिले, आणि तो पुढचं सावज शोधायला मोकळा.

२०२० मध्ये युनेस्को आणि इंटरनॅशनल सेंटर फॉर जर्नालिस्ट्स यांनी केलेल्या पाहणीत १२५ देशांतल्या ९०१ पत्रकारांनी उत्तरं दिली. त्यांतल्या महिलांपैकी ७३ टक्के जणींनी कामापायी ऑनलाइन हिंसा सोसल्याचं सांगितलं. ३० टक्के जणींनी त्यानंतर सोशल मीडियावर स्वतःच्याच लिहिण्याला कात्री लावली. मला या दुसऱ्या आकड्याची धास्ती जास्त वाटते. शिवी निदान दिसते तरी. न लिहिलेल्या पोस्टची दखल कोण घेणार?

म्हणून हा लेख प्लॅटफॉर्म सोडून कसं जायचं यावर नाही, तिथे कसं टिकायचं यावर आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. बहुतेक जणी रागाच्या किंवा किळसेच्या भरात आधी ब्लॉक करतात, मेसेज डिलीट करतात, आणि महिन्याभराने तक्रार करायची वेळ आली की हातात काहीच उरत नाही. मीही एकदा हेच केलं आहे. फोन स्वच्छ झाल्याचं समाधान मिळालं, आणि पुरावा कचऱ्यात गेला.

आधी ठरवा, हे नेमकं आहे काय

सगळा त्रास एकाच मापाचा नसतो. अनोळखी माणसाने एकदा येऊन शिवी दिली आणि निघून गेला, तर म्यूट करा, हवं तर रिपोर्ट करा आणि विषय संपवा. प्रत्येकाशी लढण्यात आयुष्य घालवायचं नाही.

एकच माणूस पुन्हा पुन्हा येतो आहे, किंवा एका पोस्टनंतर अचानक झुंड तुटून पडली आहे, तर खालच्या सगळ्या पायऱ्या लागतील.

तिसरा प्रकार वेगळा: अंगावर येण्याची धमकी, तुमचा पत्ता किंवा नंबर जाहीर होणं, खासगी फोटो पसरवणं किंवा पसरवण्याची भीती घालणं, आणि त्रास देणारा ओळखीचा असणं. यात स्क्रीनशॉटआधी सुरक्षितता येते. आज रात्री कुठे थांबायचं, कुणाला सांगून ठेवायचं, हे आधी बघा. धमकी "फक्त ऑनलाइन" आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. वरच्याच पाहणीत २० टक्के महिलांनी ऑनलाइन हिंसेशी जोडलेला प्रत्यक्षातला हल्ला किंवा शिवीगाळ सोसल्याचं सांगितलं होतं.

ओळखीचा माणूस म्हणजे आजीमाजी जोडीदार, नातेवाईक, सहकारी. त्याच्या हाताला तुमचा फोन कधी लागला असेल, तर त्या फोनवरून मदत शोधू नका, पासवर्डही बदलू नका. फोनवर पाळत ठेवणारं अॅप असेल तर तुमची प्रत्येक हालचाल त्याला दिसते, आणि अचानक सगळे पासवर्ड बदलले की तो सावध होतो किंवा चवताळतो. विश्वासातल्या मैत्रिणीच्या फोनवरून काम करा.

पुरावा: इथे घाई करू नका

चांगल्या स्क्रीनशॉटमध्ये चार गोष्टी दिसतात: मजकूर, अकाउंटचं युजरनेम, तारीख-वेळ आणि पोस्टची लिंक. मोबाइल अॅपमध्ये वेळ "२ तासांपूर्वी" अशी दिसते, जी चार दिवसांनी निरुपयोगी ठरते. शक्य असेल तिथे कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा, पोस्ट तिच्या स्वतंत्र पानावर न्या, आणि वरची पत्त्याची पट्टी दिसेल असा पूर्ण स्क्रीनचा फोटो घ्या. दिसणारं नाव कुणीही केव्हाही बदलू शकतं, युजरनेमही बदलता येतं. म्हणून प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा.

मूळ स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका. खुणा करायच्या तर दुसऱ्या प्रतीवर. लांबलचक चॅट असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा, आधी समोरच्याचं प्रोफाइल उघडून दाखवा आणि मग मेसेज सावकाश वर सरकवत न्या. संवाद सलग आहे, मधलं काही गाळलेलं नाही, हे त्यातून दिसतं.

व्हॉट्सअॅपच्या बाबतीत एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चॅट एक्स्पोर्ट केली की फाइलमध्ये तुम्ही सेव्ह केलेलं नाव येतं, नंबर येत नाही. "नको उचलू" या नावाने सेव्ह केलेल्या माणसाची तीस पानी चॅट घेऊन गेलात, तर तो कोण हे त्या कागदांवरून कळतच नाही. कॉन्टॅक्टचं पान उघडून नंबर दिसणारा स्क्रीनशॉट त्या फाइलसोबत ठेवा. गायब होणारे मेसेज २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत पुसले जातात, त्यामुळे तिथे आज-उद्या करू नका. "एकदाच पाहा" प्रकारच्या फोटोचा स्क्रीनशॉट घेता येत नाही; दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढा.

सार्वजनिक पोस्ट उडवली जाण्याची शक्यता असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तिची प्रत साठवता येते. खासगी किंवा नग्न फोटोच्या बाबतीत हे चुकूनही करू नका, त्याने आणखी एक सार्वजनिक प्रत तयार होते. आणि फोटोतली व्यक्ती अल्पवयीन असेल तर पुरावा म्हणूनही फोटो साठवू नका, कुणाला पाठवू नका. अनेक देशांत तो गुन्हाच आहे. फक्त लिंक, युजरनेम आणि वेळ लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा.

मग नोंदवही. वही चालेल, स्प्रेडशीट चालेल. एक नोंद साधारण अशी दिसते:

"१४ मार्च, रात्री ११:४२. इन्स्टाग्राम, माझ्या १२ मार्चच्या पोस्टखालची कमेंट. युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक सोबत. मजकूर: 'तुझं ऑफिस कुठंय माहितीये, उद्या बघतो.' स्क्रीनशॉट क्रमांक ७. रिपोर्ट केला १५ मार्च, सकाळी ८:१०, कारण निवडलं: हिंसेची धमकी. उत्तर अजून नाही. १५ तारखेला कामावर गेले नाही."

शेवटचं वाक्य वगळावंसं वाटतं, कारण त्यात आपण घाबरलो हे कबूल करावं लागतं. ते ठेवा. पाठलागासारख्या गुन्ह्यांत त्या वागण्याने समोरच्या व्यक्तीच्या मनात भीती बसली का, तिचं रोजचं जगणं बदललं का, हे अनेक ठिकाणी विचारलं जातं. दीड वर्षाने ते आठवून सांगणं अवघड जातं.

हे सगळं एकटीने वाचत बसायचं नाही. शंभर कमेंटमधून तीन धमक्या शोधायच्या म्हणजे उरलेली सत्त्याण्णव घाणही डोळ्यांखालून जाते. बहिणीला, मैत्रिणीला, समजूतदार मित्राला कामाला लावा, पण काम नेमकं सांगा: "ताई, पुढचे तीन दिवस माझ्या पोस्टखालच्या कमेंट तू वाचशील का? स्क्रीनशॉट कसे घ्यायचे ते पाठवते. धमकी किंवा माझा पत्ता दिसला तरच फोन कर. बाकी लोक काय म्हणतायत ते मला सांगू नकोस." सार्वजनिक कमेंट ती तिच्या अकाउंटवरून वाचू शकते, तुमचा पासवर्ड द्यायची गरज नाही. इनबॉक्स मात्र शेजारी बसूनच बघा.

दारं-खिडक्या

अकाउंट नीट कुलूपबंद करणं अर्ध्या तासाचं काम आहे. ईमेलपासून सुरुवात करा, कारण बाकी सगळ्या अकाउंटची किल्ली तिथे असते. नवा लांब पासवर्ड टाका आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करा. कोडसाठी एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर अॅप (फोनवरच कोड तयार करणारं अॅप) बरं. मग रिकव्हरीसाठी दिलेला ईमेल आणि नंबर तपासा. कित्येकींच्या अकाउंटला अजून जुन्या जोडीदाराचा नंबर जोडलेला असतो. पुढे लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी उघडा, व्हॉट्सअॅपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" बघा, अनोळखी काही दिसलं तर आधी स्क्रीनशॉट आणि मग लॉगआउट. "मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं" ही सेटिंग "माझे कॉन्टॅक्ट्स" वर आणा.

रिपोर्ट लिहिण्याची रीत

रिपोर्टचं बटण दाबलं की पलीकडे कुणीतरी शांतपणे तुमचं प्रकरण समजून घेतं, अशी आपली समजूत असते. पलीकडे बहुधा आधी यंत्र असतं, नंतर माणूस असलाच तर त्याच्याकडे काही सेकंद असतात आणि आधी काय घडलं ते त्याला ठाऊक नसतं. व्हॉट्सअॅपवर एखाद्याला रिपोर्ट केलं तर त्याने पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. धमकी शेवटून सहाव्या मेसेजमध्ये असेल तर ती पोचतच नाही. म्हणून धमकी आल्या आल्या, वर आणखी मेसेज साचायच्या आत, आधी पुरावा आणि लगेच रिपोर्ट.

कारण निवडताना "मला हे आवडलं नाही" किंवा "स्पॅम" यांवर बोट ठेवू नका. धमकी असेल तर धमकी, खासगी माहिती उघड केली असेल तर ते, नग्नता असेल तर ते. लिहायला जागा मिळालीच तर "हा माणूस मला खूप त्रास देतोय, प्लीज काहीतरी करा" याचा उपयोग होत नाही. असं लिहा:

"हे अकाउंट ३ मार्चपासून मला रोज मेसेज पाठवतं आहे. ९ मार्चला ब्लॉक केल्यावर दुसऱ्या अकाउंटवरून त्याच भाषेत मेसेज सुरू झाले. १४ मार्चच्या कमेंटमध्ये माझ्या कामाच्या जागेचा उल्लेख करून धमकी दिली आहे. १३ मार्चच्या मेसेजमधला दुसरा शब्द मराठीत बाईसाठी लैंगिक शिवी म्हणून वापरतात."

शेवटचं वाक्य पुन्हा महत्त्वाचं. यंत्रणा इंग्रजीत जितकी तरबेज असते तितकी मराठीत नसते, आणि आपल्याकडच्या काही शिव्या तर वरवर अगदी साध्या शब्दांच्या असतात. अर्थ फोडून सांगावा लागतो.

"नियमभंग आढळला नाही" असं उत्तर आलं तर अपील करा. जुलै २०२४ मध्ये मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) ओव्हरसाइट बोर्डाने, म्हणजे कंपनीचे निर्णय तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाने, दिलेल्या एका निकालाचा तपशील इथे उपयोगी आहे. इन्स्टाग्रामवर एका भारतीय सार्वजनिक व्यक्तीचं, एका स्त्रीचं, एआयने बनवलेलं नग्न चित्र होतं. कुणीतरी रिपोर्ट केला. ४८ तासांत तो कुणी पाहिलाच नाही, म्हणून आपोआप बंद झाला. अपील केलं, तेही तसंच बंद झालं. तक्रारदाराने थेट बोर्डाकडे दाद मागितली आणि बोर्डाने प्रकरण हातात घेतलं, तेव्हा कुठे मेटाने चूक मान्य करून चित्र काढलं. म्हणजे "रिपोर्ट बंद" याचा अर्थ "मजकूर योग्य ठरला" असा नसतो. पुष्कळदा कुणी पाहिलेलाच नसतो.

म्यूट, रिस्ट्रिक्ट, ब्लॉक

म्यूट केलं की तुम्हाला तो दिसत नाही, त्याला पत्ता लागत नाही. इन्स्टाग्रामच्या "रिस्ट्रिक्ट"मध्ये त्याच्या कमेंट त्याला स्वतःला दिसतात, इतरांना तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसत नाहीत. भिंतीशी बोलत बसतो. ब्लॉक केल्याचं मात्र कळतं, आणि ओळखीचा, चिडखोर माणूस असेल तर त्यावर तो काय करेल याचा अंदाज आधी घ्या. कधीकधी म्यूट करून गुपचूप पुरावा जमवत राहणं शहाणपणाचं असतं. इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताना "त्याची इतर आणि नवी अकाउंटही" हा पर्याय निवडा. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) मात्र २०२४च्या अखेरपासून ब्लॉक केलेल्या माणसालाही तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचता येतात. तिथे खरा आडोसा हवा असेल तर अकाउंट प्रोटेक्टेड, म्हणजे फक्त तुम्ही मंजूर केलेल्या फॉलोअर्सना दिसेल असं, करावं लागतं.

शब्द गाळण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे. यादी करताना प्रत्येक शिवी देवनागरीत घाला, मग रोमन लिपीत तिची जेवढी स्पेलिंग सुचतात तेवढी. ही यादी करायला बसणं विचित्र वाटतं, मैत्रिणींसोबत केली तर हसूही येतं. पण फार कामाची आहे.

खासगी फोटो, बनावट फोटो

कुणी फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे, आणखी फोटो किंवा भेट मागत असेल तर काहीही देऊ नका. एकदा दिलं की मागणी वाढते, कारण तुम्ही देता हे त्याला कळलेलं असतं. उत्तर देणं थांबवा, चॅट जपा, अकाउंट उडवू नका.

फोटो रोखण्यासाठी स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही मोफत सेवा डिसेंबर २०२१ पासून आहे. ब्रिटनमधली रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइन ती चालवते. तिची पद्धत समजून घ्या, कारण "आधीच फोटो फुटलाय, आता तो अजून एका वेबसाइटला देऊ?" या भीतीने पुष्कळ जणी तिथवर जातच नाहीत. फोटो द्यायचा नसतोच. तुम्ही तो तुमच्या फोनवर निवडता आणि फोनवरच त्याचा हॅश तयार होतो, म्हणजे गणिताने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा. बाहेर जातो तो फक्त ठसा. ठशावरून फोटो पुन्हा बनवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट, बम्बल अशा सहभागी कंपन्या आपल्याकडच्या फोटोंशी तो ताडून बघतात. एआयने बनवलेल्या फोटोंसाठीही ही सोय चालते.

मर्यादाही आहेत. फोटो तुमच्याकडे असावा लागतो, वय १८ पूर्ण असावं लागतं, कुणी फोटोत बरेच फेरफार केले तर ठसा जुळत नाही, आणि सहभागी नसलेल्या साइटवर किंवा एन्क्रिप्टेड चॅटमध्ये (व्हॉट्सअॅपसारख्या, कंपनीलाही वाचता न येणाऱ्या) त्याचा उपयोग नाही. १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी अशीच "टेक इट डाउन" ही सेवा २०२३ पासून आहे. गुगलच्या शोधातून असे फोटो, बनावट धरून, काढण्याची विनंती वेगळी करावी लागते. त्याने मूळ साइटवरचा फोटो जात नाही, पण तुमचं नाव शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

"शरीर माझं नाही तर घाबरू कशाला", "खोटाच आहे ना, मग काय" हे बोलायला सोपं. डीपट्रेस या कंपनीने २०१९ मध्ये इंटरनेटवरचे १४,६७८ डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे, व्हिडिओ मोजले, त्यांतले ९६ टक्के अश्लील होते. हे तंत्र सुरुवातीपासूनच मुख्यतः बायकांवर चाललं आहे, आणि खोट्या व्हिडिओने होणारी बदनामी खरीच असते.

कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत त्या माहीत असू द्या. भारतात २०२१च्या माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियमांत संबंधित व्यक्तीने तक्रार केल्यावर असा मजकूर हटवण्याची पावलं उचलायला कंपनीला २४ तास होते; फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीने ते दोन तासांवर आले. अमेरिकेत मे २०२५ मध्ये झालेल्या, "टेक इट डाउन" याच नावाच्या कायद्यात ४८ तास आहेत. ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी कमिशनर थेट काढण्याचा आदेश देऊ शकतात. तक्रारीत तो नियम नावानिशी लिहिला की उत्तराची भाषा बदलते. पोलिसांकडे जाताना नोंदवही छापून न्या, सोबत कुणाला तरी न्या, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

बघणाऱ्यांनी काय करायचं

हा भाग पुरुष वाचकांनीही वाचावा, खरं तर त्यांनीच आधी वाचावा. घाणेरडी पोस्ट "बघा काय पातळी आहे" असं म्हणून शेअर करू नका, त्याने ती हजार जणांपुढे जाते. तिच्या मूळ मुद्द्यावर बोला. तिने लेख लिहिला असेल तर लेखातल्या विषयावर कमेंट करा, म्हणजे शिव्या खाली ढकलल्या जातात. तुमच्या अकाउंटवरून रिपोर्ट करा. आणि तिच्या वतीने युद्ध पुकारण्याआधी खासगीत एक ओळ लिहा: "काही करू, की शांत राहू?" तिला शांतता हवी असेल तर तीच द्या.

ग्रुपचे अॅडमिन असाल तर तुमच्याकडे याहून बरंच काही आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सहसा प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि रात्री अकराचे "हाय" तिथूनच येतात. फक्त सूचना द्यायच्या असतील तर ग्रुपऐवजी चॅनेल काढा, तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ग्रुपच लागत असेल तर नियम ठळक लिहा: ग्रुपमधून नंबर घेऊन विनापरवानगी खासगी मेसेज केला तर सदस्यत्व जाईल. पहिल्याच वेळी नियम पाळून दाखवा, मग तो माणूस कितीही "चांगल्या घरचा" असो.

आणखी एक प्रयोग करा. महिनाभर मोजा: ग्रुपमध्ये बायका किती, त्यांतल्या किती जणी लिहितात, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं किती येतात. कुणी शिवीगाळ केलेली नसतानाही आकडे बोलके निघतात. तिने मांडलेली सूचना तशीच पडून राहते आणि दोन तासांनी कुणा पुरुषाने तीच मांडली की अंगठ्यांचा पाऊस पडतो. अॅडमिनने तिथे एवढंच लिहावं: "हे सकाळीच मांडलं गेलं होतं, वर बघा. त्यावरच बोलू."

परतताना

काही दिवस विश्रांती घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या, फक्त तारीख ठरवून घ्या. परतल्यावर पहिली पोस्ट छोटी टाका, कमेंट फक्त फॉलोअर्सना खुल्या ठेवा, मैत्रिणीला दोन दिवस नजर ठेवायला सांगा. मग हळूहळू दारं उघडा. महिन्यातून एकदा प्रायव्हेट विंडोमध्ये स्वतःचं नाव आणि नंबर शोधून बघा. नोंदवही आणि मूळ स्क्रीनशॉट यांची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, आणि सगळं शांत झालं तरी पुसू नका. सहा महिन्यांनी तोच माणूस नव्या नावाने परतला, तर पुढची नोंद क्रमांक ३१ असेल, पहिली नाही.